राजवाड्यातला झाडू आणि थडग्यावरचे नाव

राजवाडे आणि मंदिरे दाखविणाऱ्याला ती बांधविणाऱ्याचे नाव पाठ असते. दगड कोणी वाहिले, अंगण कोणी झाडले, हे विचारणारा पाहुणा त्याला क्वचितच भेटतो. पुढील शिक्षणासाठी जपानमधील क्योतो शहरी दोन वर्षे होतो, तेव्हा हा प्रश्न मी बरोबर घेऊन हिंडलो. ज्याच्या आजोबांच्या हातात गावकीचा झाडू होता, त्याला तो शिकवावा लागत नाही.

निजोचा किल्ला तोकुगावा इएयासूने १६०३ साली उभारला आणि १८६७ साली शेवटच्या शोगुनने सत्ता सम्राटाला परत करण्याचा निर्णय तेथेच जाहीर केला. सोनेरी पार्श्वभूमीवरचे वाघ, पाऊल पडताच पाखरासारखी चिवचिवणारी लाकडी जमीन, हे सारे पाहुण्याला आवर्जून सांगतात. परंतु तोकुगावांच्या राजवटीत या किल्ल्याची झाडलोट हे ‘एता’, म्हणजे अतिशय विटाळलेले, ठरविलेल्या चर्मकामगार वस्त्यांवर लादलेले सरकारी काम होते. सम्राटाच्या वाड्याची बागही त्यांच्यातलेच लोक झाडीत. ज्यांच्या चुलीतला विस्तवही घ्यायचा नाही, त्यांच्याच हातांनी वाडा शुद्ध व्हायचा! आपल्याकडील महारवतनाचा कावा याहून वेगळा कोठे होता? नाव हक्काचे आणि काम वेठीचे. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, आणि ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले.

गिंकाकुजी, म्हणजे चांदीचा मंडप. (त्यावर चांदी मुळीच नाही.) शोगुन आशिकागा योशिमासाने १४८२ साली त्याचे काम सुरू केले. या योशिमासाचा आवडता उद्यानकार झेनामी हा ‘कावारामोनो’ होता. कावारामोनो म्हणजे नदीच्या वाळवंटात राहणारे. गावकुसाबाहेर हा शब्द त्यांच्या भाषेत असा वाहत्या पाण्याच्या कडेने आला आहे. मेलेली जनावरे सोलणे, विहिरी खणणे, दगड बसविणे ही त्यांची कामे. झेनामी आजारी पडला तेव्हा शोगुनने त्याला औषध पाठविल्याची नोंद आहे. पण या मर्जीने त्याच्या कुळाचा विटाळ धुतला गेला काय? त्याचा नातू माताशिरो हाही उद्यानकारच. खाटिकाच्या घरी जन्म झाल्याचे आपणास दुःख आहे, म्हणून आपण जीवहत्या करीत नाही आणि लोभ धरीत नाही, अशा अर्थाचे बोल त्याने एका भिक्षूला ऐकविले. पंधराव्या शतकाच्या अखेरची ही नोंद आहे. झेन बागेतल्या शांततेवर भारावून लिहिणाऱ्यांनी हा एवढा मजकूर तरी वाचावा.

आणि येथेच आपल्यासारख्यांची अडचण सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या माणसांनी जो धम्म घेतला तो समतेसाठी. बुद्धविहारात पाय ठेवताना आपल्या मनात अपमानाची आठवण नसते, तिच्यातून सुटल्याची भावना असते. जपानमध्ये मात्र मठ राज्याच्या बाजूचे झाले. तोकुगावांनी लोकांची नोंद ठेवण्याचे काम मठांकडे दिले, आणि या नोंदींत जातही उतरली. बौद्ध रीतीने मेलेल्या माणसाला नवे धर्मनाम मिळते. अस्पृश्य मानलेल्यांच्या नामात भिक्षूंनी ‘पशू’, ‘चामडे’, ‘नीच’ अशा अर्थांची अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली गेली. १८७१ च्या शासकीय आज्ञेने ‘एता’ हे नाव कागदावरून गेले, दगडांवरची अक्षरे राहिली. हा दोष बुद्धाच्या माथी मारण्याचे कारण नाही, पण बुद्धाचे नाव घेणारी संस्था आपोआप समतेची होते असे मानण्याचेही कारण नाही. आपल्या विहारांत, आपल्या समित्यांत पोटजातींचे हिशेब करणाऱ्यांनी हे ऐकावे.

या वस्त्यांतील बहुसंख्य लोक जोदो शिन्शू पंथाचे. क्योतोतील पूर्व आणि पश्चिम होंगान्जी ही त्याची दोन मुख्य पीठे. पूर्व होंगान्जीची १८९५ साली पुरी झालेली दालने पाहताना, तुळया चढविण्यासाठी भाविक स्त्रियांनी दिलेल्या केसांचा दोरखंड दाखवितात. मी त्यापुढे बराच वेळ उभा होतो. गरीब माणूस देवाला काय काय देतो!

३ मार्च १९२२ रोजी, म्हणजे महाडच्या पाच वर्षे आधी, याच शहरातील ओकाझाकी सभागृहात ‘सुइहेइशा’ स्थापन झाली. सुइहेइ म्हणजे पाण्याची समपातळी. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा याच पंथाच्या मंदिरात जन्मलेला. काळ्या ध्वजावर त्याने काट्यांचा मुकुट काढला. या लोकांनी धर्म सोडला नाही, पण दोन्ही होंगान्जींना भूमिका विचारली आणि देणगी देण्यास नकार दिला. ज्यांच्या पैशावर पीठ उभे, त्यांनीच मूठ मिटली.

मठांचा कबुलीजबाब मात्र फार उशिरा आला. १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका प्रमुखाने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले. त्यावर बुराकू मुक्ती चळवळ खवळली. १९८४ साली त्याला ते विधान मागे घ्यावे लागले. मग नोंदवह्या तपासल्या गेल्या आणि काही थडग्यांवरची नावे बदलली गेली.

ओकाझाकीला सुइहेइशाच्या स्थापनेचा एक स्मृतिदगड आहे. हेइआन मंदिराकडे जाणारे पर्यटक जवळूनच जातात. मी गेलो त्या दिवशी तेथे कोणी थांबले नाही. मी मात्र ती अक्षरे वहीत उतरवून घेतली आणि आता पदवीच्या वर्गात महाडच्या शेजारी लिहितो.