गुटीचा डबा आणि न मिळणारी औषधे

इतिहास म्हटला की आपल्याला गड, लढाया आणि सनावळ्या आठवतात. फडताळात ठेवलेल्या डब्यालाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मंडळाकडून आग्रह झाला, तेव्हा माझ्यासारख्या सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने कशावर लिहावे, हा प्रश्न पडला. आमच्या घरात आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचा पितळी डबा आहे. त्यात बाळगुटीची औषधे असत. त्यातील एकेक जिन्नस कुठून येई आणि तो मिळेनासा झाला की बायका काय करीत, याची मी दोन वर्षे चौकशी केली. वाचनालयातून पुस्तके आणली, ओळखीच्या वैद्यबाईंना विचारले आणि आपल्याच मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींकडून याद्या लिहून घेतल्या. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

प्रथम याद्यांविषयी. गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला आलेल्या आठ-दहा जणींना मी त्यांच्या घरच्या गुटीत काय असे ते विचारले. एकीची यादी दुसरीशी जुळली नाही. हळकुंड, सुंठ, हिरडा, वेखंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, बदाम आणि खारीक बहुतेकांकडे होती. काकडशिंगी व अतिविष निम्म्या घरी होते. सागरगोटा कोकणातून आलेल्या भगिनींनी न चुकता सांगितला आणि डिकेमाली घाटावरच्या भगिनींनी. प्रत्येक घरची गुटी त्या घरच्या रानाप्रमाणे आणि बाजाराप्रमाणे ठरत होती, हे यावरून दिसते.

आता हा माल येई कुठून ते पाहा. हिरडा आपल्या सह्याद्रीतला. जुन्नर, आंबेगाव या भागांत महादेव कोळी लोक बाळहिरडा गोळा करून विकतात. मुरुडशेंगही आपल्याच रानातली. तिला पीळ असतो आणि ती पोटातल्या मुरड्यावर देतात. सागरगोटा समुद्रकाठच्या काटेरी वेलीचा. लहानपणी आपण ज्यांनी खेळलो तेच हे सागरगोटे. वेखंड पाणथळ जागी वाढते. इथवरचा माल देशातला आणि जवळचा.

बाकीचा मात्र फार दूरचा. ज्येष्ठमधाची मुळे इराण व अफगाणिस्तानाकडून येत. मायफळ नावाला फळ, पण ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या मुलखांतील ओक झाडांच्या फांद्यांवर कीटकामुळे आलेली ती गाठ असते. काकडशिंगी हीदेखील हिमालयातील एका झाडाच्या पानांवर किडीने केलेली पोकळ शिंगासारखी वाढ आहे. अतिविषाचा कंद हिमालयाच्या उंच, थंड उतारांवर होतो. जायफळाची तर कथाच निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते मुख्यतः आजच्या इंडोनेशियातील बांदा नावाच्या इवल्याशा बेटांवरच पिके. १६२१ साली डच कंपनीने ती बेटे जिंकली, तेथील हजारो रहिवाशांना मारले व हाकलले आणि जायफळाचा व्यापार आपल्या मुठीत ठेवला. आपल्या पणज्या बाळासाठी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे घेत, त्या फळामागे एवढा रक्तपात झालेला होता. पुढे इंग्रजांनी त्याची रोपे इतरत्र नेली. आज केरळात आणि आपल्या कोकणातही जायफळ होते; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाची जात काढली आहे. म्हणजे एके काळी सातासमुद्रापलीकडून येणारा जिन्नस आता रत्नागिरीच्या बागेतून येऊ शकतो.

इतक्या दूरचा माल नेहमी मिळेलच असे कसे होईल? जहाज आले नाही, रस्ता बंद झाला, भाव वाढला की डब्यातला एक खण रिकामा राही. हा प्रश्न केवळ बायकांचा नव्हता, वैद्यांचाही होता. सोळाव्या शतकात भावमिश्र नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांच्या भावप्रकाश या ग्रंथात, एखादे औषध मिळाले नाही तर त्याऐवजी काय घ्यावे, हे सांगितले आहे. अशा बदली औषधाला ‘प्रतिनिधी द्रव्य’ म्हणतात. अतिविष नसेल तर नागरमोथा घ्यावा, मध नसेल तर जुना गूळ घ्यावा, केशर नसेल तर करडईच्या जातीच्या कुसुंब्याची फुले घ्यावीत, ज्येष्ठमध नसेल तर धायटी घ्यावी, अशी ती यादी आहे.

च्यवनप्राशात ‘अष्टवर्ग’ म्हणून आठ औषधे सांगितली आहेत. ती राजांनाही दुर्लभ आहेत असे भावमिश्रांनीच म्हटले आहे. म्हणून मेदा-महामेदा यांच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभक यांच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोली यांच्या जागी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धी यांच्या जागी वाराहीकंद घ्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले. आज आपण बाजारातून आणतो त्या च्यवनप्राशाच्या बरणीवरील यादी वाचून पाहावी. शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा ही नावे तेथे का दिसतात, ते आता कळेल.

मात्र या सोयीला दोन अटी होत्या आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. बदली घ्यायची ती दुय्यम औषधाची. ज्या मुख्य औषधावर सारा योग उभा आहे त्याची बदली घ्यायची नाही. आणि बदली औषध गुणाने सारखे असले पाहिजे, नुसते दिसायला सारखे असून भागत नाही.

परदेशी लोकांनाही या औषधांचे कुतूहल होते. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. त्याचे औषधींवरील पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. जायफळ, हिरडा यांच्यावर त्यात संवाद आहेत. आपल्याकडे शंकर दाजी शास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ मासिक व ग्रंथ यांद्वारे हे ज्ञान मराठी घरांत पोचवले, आणि १९०७ साली नाशिक येथे वैद्यांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ साली निघाला. पुरुषांनी हे ग्रंथांत लिहिले. घरोघरी उगाळण्याचे काम बायकांनी केले, पण त्यांचे कुणी लिहून ठेवले नाही.

त्यातले एक येथे लिहून ठेवते. १९४७ साली फाळणी झाली आणि काबूलकडचा माल ज्या वाटेने येई ती वाट परक्या देशात गेली. १९४९ साली आमच्या आजेसासूबाईंना पहिला मुलगा झाला, तेव्हा ज्येष्ठमध गावात मिळेना. शेजारच्या एका बाईंनी सुचवले की गुंजेचा पालाही गोड लागतो, तर गुंजेचे मूळ उगाळावे. आजेसासूबाईंनी वैद्यांना विचारले. वैद्य म्हणाले, “गुंजेचे बी विषारी असते. तान्ह्या मुलाच्या बाबतीत असले धाडस नको. ज्येष्ठमधावाचून मुलाचे काही अडत नाही, तो खण रिकामा ठेवा.” ही गोष्ट सासूबाई अजून सांगतात. न मिळणाऱ्या वस्तूला ‘नाही’ हेही एक उत्तर असते, असे त्या म्हणतात.

असे प्रसंग आपल्याही वेळी आलेच. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के जकात बसली आणि खारीक महागली. २०२५ च्या मे महिन्यात तर तिकडचा माल पूर्ण बंद झाला. खारकेच्या जागी साधा खजूर घेता येतो, तेव्हा हे नडले नाही. पण अतिविषाचे तसे नाही. फार उपसा झाल्यामुळे ती वनस्पती हिमालयात धोक्यात आली आहे. तिचा कंद महाग आहे, आणि जे महाग असते त्याची नक्कल होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेच्या नातीसाठी गुटीचे तयार पुडके आणले होते. कोणत्या दुकानातून, ते येथे सांगण्याचे कारण नाही. त्यात ‘अतिविष’ म्हणून दिलेली मुळी वैद्यबाईंना दाखवली. त्यांनी ती मोडून पाहिली आणि हे अतिविष नव्हे असे सांगितले. दुकानदारास विचारले तर तो म्हणाला, “हल्ली हेच चालते.” वैद्यबाईंचा चेहरा गंभीर झाला. अतिविष हे बचनागाच्याच कुळातले. बचनाग जहाल विष आहे. एका कंदाच्या जागी न ओळखता दुसरा कंद आला तर काय अनर्थ होईल, ते सांगायला नको. नणंदेने ते पुडके तेथेच टाकून दिले.

भावमिश्रांची बदली आणि दुकानदाराची बदली यांतला भेद मला त्या दिवशी कळला. भावमिश्र उघडपणे सांगतात की हे अतिविष नव्हे, हा नागरमोथा आहे. दुकानदार नागरमोथ्याचे किंवा आणखी कशाचे नाव अतिविष ठेवतो. पहिल्यात तोड आहे, दुसऱ्यात फसवणूक. आपल्या वसाहतीच्या कुंपणालगत उंच सरळ वाढलेली झाडे आहेत, त्यांना आपण अशोक म्हणतो. बायकांच्या औषधातला अशोक तो नव्हे. खरा सीतेचा अशोक निराळा, त्याला केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात. पण त्याच्या सालीच्या नावाने या दुसऱ्या झाडाची साल विकली जाते, असे जाणकार सांगतात. १९६४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यांवर नियम आले, त्यामुळे बाटलीवर नावे छापलेली असतात. सुट्या मुळ्यांच्या पुडीवर मात्र काहीच लिहिलेले नसते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये. त्यातून तान्ह्या बाळास जिवावरचा आजार होऊ शकतो. जायफळ जास्त झाले तर गुंगी येते. आपल्या आयांनी प्रेमाने केले ते खरे, पण आज जे ठाऊक झाले आहे ते ठाऊक नसल्यासारखे वागणे बरे नव्हे. नणंदेच्या सुनेने गुटी दिली नाही. नात खणखणीत आहे. सासूबाईंना थोडे वाईट वाटले, पण नंतर त्याच म्हणाल्या, “एक खण रिकामा ठेवला होता, आता सगळेच ठेवू.”

भगिनींनो, गुटी द्यावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. पण ज्या घरी असा डबा आहे, तेथील वडील बायकांना बसवून त्यातील जिन्नसांची नावे, ते कुठून आणीत आणि न मिळाल्यास काय करीत, हे एका वहीत लिहून घ्यावे. तशी एक वही मंडळाच्या कपाटात ठेवण्याचे आमच्या बैठकीत ठरले आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या चार भगिनींकडून माहिती घ्यायची अजून राहिली आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत यावे, येताना घरातील यादी आणावी, आणि वस्तूला तिच्या खऱ्या नावानेच लिहावे.