सावित्रीच्या मुखातून महाडकडे

महाडच्या संगराचा इतिहास आपण चवदार तळ्याच्या पायरीपासून सांगू लागतो. ते स्वाभाविकच आहे. पण डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला मुंबईहून निघालेल्या माणसांना तळ्याआधी दुसरे एक पाणी पार करावे लागले. ते पाणी सावित्रीच्या मुखाचे.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री महाड, दासगाव करीत खाली येते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या मध्यास घेतला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच बाणकोटच्या मंडणगड तालुक्यातले.

नदीचे मुख म्हणजे सरळ रस्ता नव्हे. नदी गाळ आणते, लाटा तो परत लोटतात आणि मुखाशी वाळू साचून पाणी उथळ होते. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला, की त्या उथळावर लाटा उभ्या राहून फुटतात. तिथे होडी आडवी झाली तर उलटायला वेळ लागत नाही. म्हणून तांडेल भरतीची वाट पाहतो, आणि पावसाळ्यात बंदरच बंद असते. कोळी, खारवी, दालदी यांनी पिढ्यानपिढ्या अंगी मुरवलेली ही विद्या कोणत्याही पोथीत नाही. पोथीबाहेरचे ते अज्ञान, असे मानणाऱ्या समाजाने तिला विद्या म्हटले नाही, एवढेच.

मार्चमध्ये अस्पृश्यांनी पाणी प्यायल्यावर सवर्णांनी १०८ घागरींनी तळे ‘शुद्ध’ केले होते. डिसेंबरच्या १४ तारखेला कोर्टाच्या मनाईहुकुमाने ते पुन्हा बंद झाले. मोटारमालकांनी सत्याग्रहींना नेण्याचे नाकारले, तेव्हा रस्ताही बंद झाला. राहिली खाडी. २४ डिसेंबरला सकाळी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि २५ ला दुपारी दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. सत्याग्रही ते अंतर पायी चालले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २४ डिसेंबर १९२७ ला अमावास्या होती, म्हणजे उधाणाचे दिवस. अमावास्येच्या सुमारास या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. दुपारी दासगाव गाठणे याचा अर्थ, सकाळच्या चढत्या पाण्यावर खाडी वर येणे. हा माझा तर्क आहे. पण भरती-ओहोटीचे गणित ज्याला ठाऊक आहे त्याला तो पटावा.

याचा अर्थ निसर्ग अस्पृश्यांच्या बाजूने होता, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. भरती कुणाचीच नसते. मुद्दा वेगळा आहे. तळे अडवता आले, कारण त्याला काठ होते आणि काठावर मालकी सांगणारे होते. मोटार अडवता आली, कारण तिला मालक होता. खाडीत दिवसातून दोनदा समुद्र शिरतो. तिला कोणत्या १०८ घागरी पुरणार? आणि त्या पाण्यावरून बोट नेणारे हात श्रमणाऱ्यांचेच होते.

पुढे १९३७ साली हायकोर्टाने तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. त्या दहा वर्षांच्या लढ्याच्या नोंदीत कोर्टाचे कागद येतात, परिषदेचे ठराव येतात. त्यांच्या शेजारी सावित्रीच्या मुखाला आणि तिथल्या सुकाणूवरच्या हातांनाही जागा द्यायला हवी.