पानमळ्याची सावली

शहरांतील बंगल्यांपुढें नेचे, रंगीत अळू अशीं पानांच्या शोभेचीं झाडें हौसेनें लावितात. वैशाखांत तीं करपूं लागलीं म्हणजे पाण्याची आणखी एक झारी ओततात. परंतु सावलींतलें झाड उन्हाच्या मुलखांत जगवावें कसें, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. पानमळेवाल्यांनीं तो शेंकडों वर्षांपूर्वीं सोडविला आहे.

नागवेल ही मिऱ्याच्या वेलीची बहीण. मूळ आग्नेय आशियांतील दमट अरण्यांतली. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत तांबूलास राजभोगांत स्थान आहे. पूजेला विडा, लग्नाला विडा. मागणी साऱ्या देशावर, आणि वेलीस हवा मात्र रानाची!

ही अडचण प्रवरेच्या खोऱ्यांत स्पष्ट दिसते. भंडारदऱ्यास, रतनगडाच्या परिसरांत, पाऊस मुसळधार पडतो व झाडीखालीं नेचे आपोआप वाढतात. तीच नदी अकोलें, संगमनेर ओलांडते तों उघडा, कोरडा मुलूख लागतो. भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं आरंभिलें व १९२६ सालीं पुरें झालें. कालव्यांनीं सह्याद्रीचें पाणी खालीं नेलें. त्यावर ऊंस पिकला, कारण ऊंस उन्हाचा भुकेला. पण कालव्यांतून पाणी येतें, रानाची सावली येत नाहीं.

मिरजेकडील बेडग-नरवाडपासून रामटेकपर्यंत पानमळेवाले ही सावली स्वतः पिकवीत आले. आधीं शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांच्या ओळी लावावयाच्या. तीं झाडें वर आलीं म्हणजे बुंध्याशीं वेलीचे फाटे. भोंवतीं उंच कुंपण, कारण झळई उन्हाइतकीच घातक. उन्हाळ्यांत डहाळ्या राखावयाच्या, पावसाळ्यांत छाटावयाच्या. ओल कोंडली तर मर लागते. शेवरी-हादग्याच्या मुळांवरील गांठी जमिनीस नत्र देतात. ठराविक काळानें वेल खालीं उतरवून तिचा भाग मातींत गाडतात. तेथें नवीं मुळें फुटतात व मळा वर्षानुवर्षें टिकतो.

यांतला बोध साधा आहे : आधीं सावली, मग वेल. अंगणाच्या पश्चिमेस हादगा वा शेवगा वाढवावा आणि नेचे त्याच्या आश्रयास न्यावे. सावलीची उणीव पाण्यानें भरून निघत नाहीं; मुळें मात्र कुजतात. जुना पानमळा मोडतो, तेव्हां केवळ पानें जात नाहींत. सावली पिकविण्याची विद्याही त्याबरोबर जाते. ती आपल्या अंगणांत तरी जतन व्हावी.