हशाचा धनी कोण?

अपंग माणसाला हसू नये, असे आपण मुलांना शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण अपंगानेच धडधाकटाची फजिती करून आपल्याला हसवले तर? खेळावरील काही विनोदी चित्रपटांनी हा प्रश्न जगापुढे मांडला आहे. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एका खऱ्या लबाडीची हकिकत सांगितली पाहिजे.

२००० साली सिडनीच्या पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या बास्केटबॉल स्पर्धेत स्पेनने सुवर्णपदक जिंकले. संघात खेळाडू १२. त्यांतले १० धडधाकट निघाले! त्याच संघातून खेळलेल्या कार्लोस रिबागोर्दा या पत्रकाराने हे बिंग फोडले. पदके परत गेली. परंतु खरी शिक्षा भोगली ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या जगभरच्या खेळाडूंनी. पॅरालिंपिकचे दार त्यांना बंद झाले. ते उघडले २०१२ साली लंडनमध्ये, आणि तेही तीनच खेळांपुरते. चोरी मुकादमाने करावी आणि रोज हमालाचा कापावा, असा हा न्याय! कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला तो नवा नाही.

२००५ साली अमेरिकेत ‘द रिंगर’ हा चित्रपट आला. त्याचा नायक बौद्धिक अपंगत्वाचे सोंग घेऊन स्पेशल ऑलिंपिकमध्ये शिरतो. का? तर त्याच्याकडे गवत कापणाऱ्या मजुराची तीन बोटे यंत्रात तुटली आहेत, विमा नाही, आणि शस्त्रक्रियेला पैसा हवा आहे. प्रेक्षक सोंगाला हसले. आम्हांला ती बोटेच दिसत राहिली. ज्यांना तो भोळे समजला, ते खेळाडू त्याचे सोंग ओळखतात, आणि हसे त्याचेच होते. स्पेशल ऑलिंपिक संस्थेने या चित्रपटाला साह्य केले, खरे खेळाडू पडद्यावर आले. तरीही साथीदारांच्या काही ठळक भूमिका धडधाकट नटांकडेच गेल्या. म्हणजे दुसऱ्याची जागा बळकावण्यावरच्या चित्रपटातही जागा बळकावली गेलीच!

हे बदलले ते स्पेनमध्येच. २०१८ साली हाविएर फेसेर यांनी ‘काम्पेओनेस’ काढला. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या एका प्रशिक्षकाला बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा बास्केटबॉल संघ शिकवण्याची शिक्षा होते. या वेळी खेळाडूंची कामे अपंग कलावंतांनीच केली. २०१९ साली गोया पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि दृष्टी अधू असलेले हेसुस विदाल सर्वोत्कृष्ट नवोदित नट. याच कथेवर २०२३ साली अमेरिकेत ‘चॅम्पियन्स’ आणि २०२५ साली आपल्याकडे ‘सितारे जमीन पर’ निघाला.

जागा मिळाली, नायकपण मात्र अजून धडधाकट प्रशिक्षकाचेच आहे. खेळाडू अपंग, आणि गोष्ट प्रशिक्षकाच्या सुधारण्याची! कामावर घेतले म्हणजे हक्क मिळाले असे नव्हे, हे गिरणीच्या फाटकावर आम्ही शिकलो. हशा ज्याच्या मेहनतीचा, गोष्टही त्याचीच व्हावी. दयेने हे होणार नाही. ते मागूनच घ्यावे लागेल.