हिंदमाताचं पाणी आणि चार स्पार्क प्लग

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, इतिहासाच्या पॉडकास्टवर हा गाडीचा स्पार्क प्लग कुठून आला? सांगतो. त्यासाठी आधी गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगावी लागेल.

मी आणि बाबा दादरहून घरी येत होतो. घर हिंदमातालाच. भरतीची वेळ, वरून पाऊस. पाणी चढतंय हे दिसत होतं, पण समोर घर दोन मिनिटांवर असलं की माणूस मूर्खासारखा वागतो. मी गाडी तशीच पुढे काढली. एका ठिकाणी गाडीने दोन आचके दिले आणि बंद. माझं बोट लगेच स्टार्ट बटणाकडे गेलं. आपल्या पिढीचा स्वभावच तो, काही अडलं की रीस्टार्ट. तेवढ्यात बाबा ओरडले, “हात काढ! अजिबात स्टार्ट करू नकोस!”

मी बीटेक. बाबा बारावीनंतर नोकरीला लागलेले. पण त्या क्षणी गाडीच्या आत काय झालंय हे त्यांना माहीत होतं, मला नाही. ते त्यांना कसं माहीत होतं, त्याचा शोध म्हणजे हा भाग.

आधी पाण्याचं बघू. हिंदमाता हे नाव तिथल्या हिंदमाता सिनेमावरून पडलं. आज लोक ओळखतात ते साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानांसाठी, आणि जूनपासून टीव्हीवर दिसणाऱ्या पाण्यासाठी. मुंबई मुळात सात बेटं. परळ हे त्यातलं एक. बेटांच्या मध्ये खाड्या, दलदल, भरतीला पाण्याखाली जाणारी जमीन. १८ व्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची मोठी खिंड बांध घालून बुजवली, पुढे शंभरेक वर्षं भर टाकत टाकत एकसंध शहर झालं. पण भर टाकली म्हणून सगळी जमीन सारखी उंच होत नाही. हिंदमाता बशीसारखं राहिलं. आजूबाजूचं पाणी तिथे येतं. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि समुद्राला भरती असली की पाणी आपोआप बाहेर जायचा रस्ताच बंद. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या अहवालाची सगळ्यांना आठवण झाली. नंतर पंपिंग स्टेशन आलं, अलीकडे जमिनीखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्याही झाल्या. फरक पडलाय, हे खरं. पण भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की आम्ही अजूनही गाडीची चावी खिशात ठेवून खिडकीतून बघतो. त्या रात्री मी तेवढं केलं असतं तर हा भाग झाला नसता.

आता प्लग. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडते. ठिणगी पाडणारा तो प्लग. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या लेन्वारने १८६० मध्ये गॅसवर चालणाऱ्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. पण ती भरवशाची नव्हती. सुरुवातीच्या डाइमलर गाड्यांत तर ठिणगीच नव्हती, ज्योतीवर लाल केलेली एक नळी मिश्रण पेटवायची. १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याला जोडणारा प्लग बसवून दाखवला, आणि मोटारीचा हा प्रश्न बराचसा सुटला. मध्ये धातूचा दांडा, भोवती चिनी मातीचं वेष्टण, बाहेर आटे, खाली जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरची फट. सव्वाशे वर्षं होत आली, रचना तीच आहे.

आणि ही मोटार आमच्या भागाला अनोळखी नव्हती बरं का. भारतातला मोटारी जोडायचा पहिला कारखाना जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला काढला. हिंदमाताहून चालत अर्ध्या तासावर! सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. बनवायचं मात्र काहीच नाही, फक्त जोडायचं. ही गोष्ट खटकणाऱ्यांत एक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजं, विमानं, मोटारी, तिन्ही इथे बनल्या पाहिजेत असा त्यांचा हट्ट. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून, मग फियाट. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की इथे बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले, कुर्ल्याची फियाट राहिली. तिकडे बंगळूरला १९५१ मध्ये मायको, म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी, उभी राहिली. पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे प्लग म्हटलं की मायको, जसं वनस्पती तूप म्हटलं की डालडा.

कुर्ल्याची फियाट अकराशे पुढे १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, चार प्लग. तीच आपली काळी-पिवळी. आणि इथे आमचे आजोबा गोष्टीत येतात.

आजोबा परळच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार बाहेर. तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही, पण गिरणीही कित्येकांसाठी परत उघडली नाही. आजोबांनी वर्षभर वाट पाहिली, मग बिल्ला काढला आणि दुसऱ्याची टॅक्सी चालवू लागले. काही वर्षांनी आजीचे दागिने मोडून जुनी पद्मिनी घेतली. बाबा तेव्हा कॉलेजच्या वयाचे. शिक्षण सुटलं ते तिथेच, हे ते कधी बोलून दाखवत नाहीत.

त्या काळात टॅक्सीवाल्याला गॅरेज परवडत नसे, आणि गरजही नसे. पद्मिनीचं बॉनेट उघडलं की प्लग समोर दिसायचे, हात पोचायचा. एक प्लग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक तुटकं हॅकसॉ ब्लेड, एवढा संसार. ब्लेड कशाला? फट मोजायला! हॅकसॉ ब्लेडची जाडी साधारण सहा दशांश मिलिमीटर, आणि प्लगची फट हवी तीही तेवढीच. ब्लेड अडकत सरकलं की झालं. गिरणीत फिलर गेज हाताळलेल्या आजोबांना हे आधी पटत नसे, मग तेही ब्लेडच वापरू लागले.

प्लग बदलणं कमी, साफ करणं जास्त. पेट्रोलमध्ये बुडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, फट जुळवायची, परत लावायचा. आणि प्लग ‘वाचायचा’. टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी, म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी, म्हणजे कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतोय किंवा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ. तेलकट ओला, म्हणजे रिंगा गेल्या, खर्चाची तयारी ठेवा. पांढरा फटक, म्हणजे इंजिन तापतंय. बाबा म्हणतात, “डॉक्टर जीभ बघतो ना, तसं.” मला हे ऐकताना आपलं लॉग फाइल वाचणं आठवलं. सिस्टिम काय म्हणतेय ते तिने मागे ठेवलेल्या खुणांवरून ओळखायचं.

आणि हिंदमाताला राहायचं म्हणजे पावसाळ्याची वेगळी विद्या. पाण्यात शिरायच्या आधी काहीजण फॅनचा पट्टा काढून ठेवायचे, कारण फिरणारा पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी भिजवायचा. भिजलंच, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पुसायची, प्लग काढून घरात स्टोव्हवर तव्यात गरम करून आणायचे. बाबांचं ते काम. तवा वेगळा ठेवलेला, नाहीतर आजी घरात घेत नसे. आणि इंजिनाने पाणी ‘प्यायलं’ असेल तर आजोबांचा एकच नियम: आधी चारही प्लग बाहेर, मग हँडल मारायचं. पिस्टन वर येताना पाणी प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं उडतं.

याचं कारण साधं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर जायला बघतो, पाणी जागा देत नाही, आणि मध्ये सापडतो तो कनेक्टिंग रॉड. तो वाकतो. मग इंजिन उघडायचं, खर्च काही हजारांत थांबत नाही. शिवाय पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्ट करून झालेलं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुतेक वेळा धरत नाहीत.

मग ही विद्या गेली कुठे? कोणी हिरावून घेतली नाही, ती नको झाली. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल, त्याच वर्षी नवे उत्सर्जनाचे नियम, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन. मुंबईच्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीवर गेल्या. डिस्ट्रिब्युटर गेला, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली, आणि इरिडियमचे प्लग लाख किलोमीटरच्या आसपास चालू लागले. जे वर्षानुवर्षं काढावं लागत नाही, ते काढायला कोण शिकणार? हवा स्वच्छ झाली, गाड्या भरवशाच्या झाल्या. मी त्याबद्दल रडणार नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आजोबांची त्याआधीच भंगारात गेली होती. प्लग पाना तेवढा बाबांनी ठेवला.

तर, ती रात्र. कपड्याच्या दुकानातल्या चार पोरांनी धक्का मारून गाडी जरा चढावर लावून दिली. सकाळी पाणी ओसरल्यावर आमच्या कंपाउंडमध्ये आणली, इंजिन अर्थातच बंद. एअर फिल्टर उघडला, तो ओला. म्हणजे शंकेला जागा नव्हती. डिपस्टिक काढून बघितली. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, हायसं वाटलं.

आजोबांचा पाना माझ्या गाडीला लागेना. जुन्या प्लगचं डोकं मोठं, नव्याचं लहान, आणि प्लग खोल विहिरीत बसलेला. मी शेजारच्यांकडून पातळ तोंडाचा पाना आणि एक्स्टेन्शन आणलं. इथे बाबा थांबले. म्हणाले, “हे वरचं कॉइलचं मला माहीत नाही, तू बघ.” मी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कॉइल सोडवल्या, कुठली कुठे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवलं. विहिरीतलं पाणी आणि माती फुंकून काढली, नाहीतर प्लग काढताच ती आत पडली असती. मग चारही प्लग बाहेर. पहिले दोन कोरडे. तिसरा ओला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, कॉइल सुट्याच ठेवल्या, बॅटरी जोडली. बाबांनी मला बाजूला उभं केलं आणि स्टार्टर क्षणभर फिरवला. तिसऱ्या भोकातून गढूळ पाणी उडालं, थेट भिंतीपर्यंत.

मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. आदल्या रात्री ते बटण दाबलं असतं तर?

दोन-तीनदा थोडं थोडं फिरवून पाणी काढलं. नवे चार प्लग आणले, कॉइल वाळवल्या. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आटे आधी नुसत्या बोटांनी लावायचे. अडलं तर जोर करायचा नाही, काढून परत लावायचा. हाताने पूर्ण बसला की पान्याने साधारण अर्धा फेरा, बस्स. मी शेवटच्याला जरा जास्त आवळायला गेलो तेव्हा बाबांनी मनगट धरलं. “आटे गेले तर परत येत नाहीत.” मग ऑइल आणि फिल्टर बदलून, जवळच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घेतलं. चारही सिलिंडर सारखे. गाडी वाचली.

त्या दिवशी बाबांना पहिल्यांदा विचारलं, की कॉलेज सुटलं तेव्हा वाईट वाटलं का. ते जुने प्लग कपड्याने पुसत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “वाटलं ना. पण तुझ्या आजोबांना हँडल मारायला कोणीतरी हवं होतं.” एवढंच. मग तिसऱ्या सिलिंडरचा प्लग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वाच बघू.”

मी वाचला. फिकट तपकिरी. गाडी निरोगी होती, चूक माझी होती.

तुमच्या घरी असा एखादा पाना, एखादं ब्लेड, एखादा वेगळा ठेवलेला तवा असेल तर तो कशाचा ते विचारून घ्या, सांगणारं माणूस आहे तोवर. आणि पाण्यात गाडी बंद पडली, तर बटणावरचा हात काढा. भेटू पुढच्या भागात.