एसपीएसएस
प्रश्नावली-सर्वेक्षणातील माहितीचे सांख्यिकीय विश्लेषण करणारी संगणकप्रणाली. नॉर्मन नाय व सहकाऱ्यांनी ती १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली. २००९ मध्ये आयबीएमने ती घेतली. तक्त्यात प्रत्येक उत्तरदात्यासाठी एक ओळ, प्रत्येक प्रश्नासाठी साधारणतः एक स्तंभ असतो. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ या उत्तरांना ५ ते १ संकेतांक देतात (पहा : लिकर्ट मापनश्रेणी), नकारार्थी विधानांचे संकेतांक उलटवतात. अनुत्तरित प्रश्नापुढे ९९ लिहिल्यास तो आकडा गहाळ मूल्य म्हणून आधीच घोषित करणे अत्यावश्यक, अन्यथा तो सरासरीत मिसळून निष्कर्ष बिघडवतो. नवशिक्यांनी येथे विशेष दक्ष राहावे. पुढे वारंवारता सारणी, काय-वर्ग कसोटी (पहा) व विश्वसनीयतेसाठी क्रॉनबाख अल्फा (पहा) काढतात. मेनूद्वारे काम होत असल्याने समाजशास्त्र, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या संशोधनात ती रुळली. पीएसपीपी हा तिचा मुक्त पर्याय.