भोगवर्धनचे दंतकार

मराठवाड्यातल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या गावाचे नाव सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील दानलेखांतही आहे. म्हणजे इथली माणसे दोन हजार वर्षांपूर्वी दूर मध्य भारतात जाऊन दान देत होती!

1973 साली इथे उत्खनन झाले. सापडलेल्या वस्तूंत हस्तिदंताच्या स्त्रीमूर्तीचा एक तुकडा होता. तो पाहून अभ्यासकांना पाँपेई आठवले. 1938 मध्ये त्या इटालियन शहरात मिळालेली सुमारे 24 सेंटीमीटरची हस्तिदंती बाई याच घडणीची. व्हेसुव्हियसच्या इ.स. 79च्या उद्रेकात ती राखेखाली गाडली गेली होती. तिचे नाव ‘पाँपेईची लक्ष्मी’ पडले, पण ती लक्ष्मी नव्हे, यक्षी असावी असेच अनेकांचे मत. मराठवाड्यातल्याच तेरलाही अशी मूर्ती मिळाली.

पाँपेईची मूर्ती भोकरदनचीच, असा दावा मात्र घाईचा ठरेल. विदिशेचे दंतकारही नामांकित होते. सांचीच्या दक्षिण तोरणावर त्यांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. हस्तिदंतावर सरावलेला हात दगडावरही तितकाच बारीक चालला.

पाँपेईची ती बाई आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.